दोन पितळी पट्ट्यांमधलं झाड

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात कामाला होते. तिथे स्टॅबिलायझर बनायचे. आम्ही अकराजणी एका लांब बाकावर ओळीने बसून दिवसभर सोल्डरिंग करायचो. मॅट्रिक होऊन मी त्या बाकावर बसले तेव्हा मला विजेतलं काही कळत नव्हतं. सुपरवायझर भला माणूस होता. जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला सर्किटचा कागद वाचायला शिकवायचा. दोन वर्षांत मला ट्रान्झिस्टर कळला, रिले कळला. रिले म्हणजे बारक्या विजेवर चालणारं बटण. इकडे टॉर्चच्या सेलएवढी वीज दिली की तिकडे घरातल्या विजेचा दिवा लागतो, आणि दोन्ही विजा एकमेकींना शिवत नाहीत. हे शिवत नाहीत म्हणणं फार महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून होतं.

आमची वस्ती कारखान्यापासून तीन थांबे अलीकडे, ओढ्याच्या कडेला. पत्र्याची घरं, मधे एक विहार, विहारासमोर मोकळं मैदान. बहुतेक घरांतले पुरुष कंपन्यांमध्ये शिफ्टला. ओढ्याच्या पलीकडे जुनं गावठाण होतं, शेतकऱ्यांचं. त्यांचीही पोरं आता आमच्याच कंपन्यांत यायला लागली होती. बसमध्ये शेजारी बसायची, बोलायची. पण ओढा ओलांडून विहाराकडे कोणी येत नसे.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे महापालिकेच्या शाळेतले गुरुजी. बुद्ध पौर्णिमेला दोन महिने असताना त्यांनी विहारात बैठक घेतली. दर वर्षी आम्ही दिव्यांच्या माळा सोडायचो, खीर वाटायचो. गुरुजी म्हणाले, "लोक येतात, हात जोडतात, खीर घेतात आणि जातात. या वर्षी असं काहीतरी करू, की माणूस आल्याशिवाय दिवा लागणारच नाही."

"म्हणजे कसं, गुरुजी?" वायरमन मामांनी विचारलं. मामा पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत वायरमन होते. नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण वस्तीतला प्रत्येक दिवा त्यांनीच जोडलेला, म्हणून सगळ्यांचे मामा.

"ते मला काय माहीत? तुम्ही विजेची माणसं. तुम्ही सांगा."

मी मागे बायकांत बसले होते. मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "दोघांनी हात धरला की दिवा लागेल असं करता येतं."

सगळे वळून बघायला लागले. मग मला सांगावंच लागलं. कारखान्यात आम्ही मुली गंमत म्हणून करायचो. एकीने एक तार धरायची, दुसरीने दुसरी, आणि दोघींनी एकमेकींचा हात धरायचा. तीन-चार सेलची वीज अंगातून जाते, काहीच कळत नाही, पण तेवढ्यावर ट्रान्झिस्टर जागा होतो आणि रिले टक् करून वाजतो. दोघीच कशाला, दहाजणी धरल्या तरी चालतं.

गुरुजी उठून उभे राहिले. "बोधिवृक्ष करू," ते म्हणाले. "पत्र्याचा. साठ पानं, पानापानाला दिवा. दोन बाजूंना दोन खांब, त्यांच्यावर पितळेच्या पट्ट्या. एका माणसाचे हात पोचणार नाहीत इतक्या लांब. लोकांनी साखळी करायची, मगच झाड उजळेल." पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मी आईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पदर तोंडाशी घट्ट धरून जमिनीकडे बघत होती.

आईला विजेने एकदा धरलं होतं. चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यात. पत्र्याच्या खिळ्याला बांधलेल्या तारेवर ती कपडे वाळत घालत होती. पत्र्यात कुठून तरी करंट उतरला होता. ओल्या लुगड्यासकट तिचा हात तारेला चिकटला. ओरडता येईना. शेजारणीने कपडे धुवायचं लाकडी धोपाटणं तिच्या हातावर हाणलं तेव्हा ती सुटली. त्याच आठवड्यात दोन गल्ल्या सोडून एक माणूस तसाच गेला, त्याला सोडवायला कोणी नव्हतं. आई वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. तेव्हापासून घरातलं दिव्याचं बटण ती लाटण्याने दाबायची. पाहुणे हसायचे. आम्ही कोणी हसायचो नाही.

बैठकीतून घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "माणसाच्या अंगातनं वीज सोडनार?"

"आई, सेलची वीज. तू टॉर्चच्या सेलला हात लावतेस ना?"

"लावते. पर त्या सेलच्या म्होरं साठ दिवे न्हाईत."

"दिव्यांची वीज वेगळी गं. ती माणसाकडे येतच नाही. मधे रिले असतो."

"रिले म्हंजी काय?"

"भिंत समज."

ती भाकरी उलटवत राहिली. मग म्हणाली, "आन् भिंत पडली तर?"

‘पडत नाही’ असं मी म्हणू शकले असते. पण त्याच आठवड्यात आमच्या बाकावर दोन रिले आतून जळून आलेले मी पाहिले होते.

त्या दिवसापासून मलाही भीती वाटायला लागली. आईची भीती तारेची होती. माझी वेगळी. मी काहीतरी बोलून बसले होते, सगळी वस्ती कामाला लागली होती, आणि त्या भिंतीची खात्री देणारी मी एकटीच होते. वस्तीत कोणालाच सर्किट वाचता येत नव्हतं. मामांना घरातलं वायरिंग डोळे मिटून करता यायचं, पण ट्रान्झिस्टर म्हटलं की ते रेडिओ समजायचे. माझी चूक धरणारं कोणी नव्हतं. लोक म्हणायचे, "पोरगी हुशार आहे." ते ऐकलं की मी सर्किटचा कागद पुन्हा काढून बसायचे.

सुपरवायझरने मला नऊ रिले दिले, रिजेक्ट मालातले. प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका. मी विचारलं, "हे कशाला रिजेक्ट झाले?"

"कुणाचं कॉइल, कुणाचं काय. कोणाच्या लक्षात राहतं?" तो म्हणाला. "शोभेच्या कामाला चालतील."

शोभेच्या कामाला! मी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता एकेक रिले तपासायला लागले. आमच्याकडे हाताने फिरवायचं मेगर होतं, दोन तारांच्या मधलं आवरण किती मजबूत आहे ते त्यावर कळायचं. नवातले सहा मी फेकून दिले. उरलेले तीन पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, कालच तपासलेस ना?" मी म्हटलं, "काल ऊन होतं." त्याचा काही अर्थ नव्हता हे मलाही माहीत होतं.

इकडे झाड उभं राहत होतं. कंपन्यांच्या भंगारातला पत्रा कापून पानं झाली, पिंपळाची, लांब टोकाची. पानाच्या मधे भोक, त्यावर हिरवा-पिवळा जिलेटिनचा कागद, मागे बल्ब. दर रविवारी बैठक व्हायची आणि प्रत्येक बैठकीत नवीन प्रश्न निघायचा. चपला कुठे काढायच्या? रांग कुठून? गरोदर बाईने साखळीत यावं का? माझ्याकडे सगळे बघायचे. मी म्हणायचे, "येऊ नये." का, ते मला सांगता यायचं नाही. सेलच्या विजेने काही होत नाही हे मला पाठ होतं. तरी तोंडातून ‘येऊ नये’च निघायचं.

एका रविवारी दुपारी नुसत्या सर्किटची चाचणी घेतली. विहारातच, एक बल्ब लावून. फाउंड्रीतले दोन तगडे गडी पुढे आले. एकाने एक पट्टी धरली, दुसऱ्याने दुसरी, दोघांनी एकमेकांचा हात धरला. दिवा लागेना. पुन्हा धरला. नाहीच. मी सगळे जोड पुन्हा तपासले. मग दोन बायकांना बोलावलं. त्यांनी हात धरताच टक् झालं आणि बल्ब लागला. पुन्हा ते दोघे, पुन्हा अंधार. बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या.

मी त्या गड्यांचे तळहात हातात घेऊन बघितले. घट्टे पडून नुसतं चामडं झालं होतं. तेवढीशी वीज त्या चामड्यातून जात नव्हती. एकजण ओशाळून म्हणाला, "भट्टीवर बारा वर्सं झाली, ताई."

पाण्याने हात ओले केल्यावर त्यांचाही दिवा लागला. तेव्हा ठरलं, साखळीत येणाऱ्या प्रत्येकाने आधी बादलीत हात बुडवायचा. सगळ्यांना ते आवडलं. गुरुजी म्हणाले, "उत्तम. हात धुऊनच बोधिवृक्षाजवळ यायचं." माझ्या डोळ्यांपुढे मात्र ओलं लुगडं आणि तार आली. ओले हात, अनवाणी पाय, आणि पलीकडे साठ दिव्यांची वीज. मधे माझी भिंत.

मी बैठकीत उठून एकच अट घातली. "रिले आणि सेल ठेवलेल्या पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

मामांचा चेहरा पडला. "वीस वर्षं वायरमन आहे मी, पोरी."

"तुम्हालाच नाही म्हणत, मामा. कोणीच नाही."

मी त्यांना दुखावलं हे मला कळलं, पण माफी मागायचं धैर्य झालं नाही. उद्या चूक निघाली तर ती माझीच असावी, निदान ती कुठे आहे ते मला माहीत असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पूर्ण झाडाची रंगीत तालीम ठेवली. आठ दिवस आधी आई अचानक म्हणाली, "पयला हात माझा."

"तू नको. तुला भीती वाटते."

"वाटती. पर तू करनार हायेस. मग दुसऱ्याच्या आईला म्होरं का घालायचं?"

मी खूप समजावलं. तिने ऐकलं नाही. नंतरचे आठ दिवस ती बटण लाटण्यानेच दाबत होती.

तालमीच्या दिवशी मी कारखान्यातून सुटून साडेपाचच्या बसने आले. मैदानात पन्नासेक माणसं जमली होती. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. धूळ उडू नये म्हणून बायकांनी मैदानभर सडा घातला होता. माती काळीभोर, ओली. चपला विहाराच्या पायरीशी काढलेल्या. पेटीचं काम करणारे मामा सोडले तर सगळे अनवाणी. पंधराएक बायका बादलीत हात बुडवून, एकमेकींचे हात धरून रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या टोकाला, पट्टीपासून दोन हातांवर, आई. ओला उजवा हात पुढे धरलेला, न वळणारी दोन बोटं ताठ.

"ये, ये, तुझीच वाट बघत होतो," गुरुजी म्हणाले. "सगळं चालू आहे."

"चालू कोणी केलं?"

"मामांनी जोडून ठेवलंय. तुला उशीर झाला ना."

माझ्या पिशवीत टेस्टर असायचा. स्क्रू पिळायचा साधा टेस्टर, आत बारीक दिवा. गेले दोन महिने मी पट्टीजवळ गेले की तो लावून बघायचे. दर वेळी दिवा विझलेलाच. त्या दिवशीही सवयीने, पिशवी खांद्यावरून न काढता, मी तो पट्टीला टेकवला.

टेस्टर पेटला.

मला आधी वाटलं, उन्हाची तिरीप पडली असेल. हाताने आडोसा करून पाहिलं. लाल, स्वच्छ पेटलेला. पट्टीत घरातली वीज होती. त्याच क्षणी गुरुजी म्हणाले, "चला, धरा!" आणि आईने पाऊल पुढे टाकलं.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. आई म्हणायची ना, तारेला चिकटल्यावर ओरडता येत नाही, तसं. मला तर तारेने धरलंही नव्हतं. आईची बोटं पट्टीपासून वीतभर राहिली होती. तेवढ्यात मी अंगानिशी तिच्यावर आदळले आणि तिला ढकलून दिलं. ती पडली, तिच्या मागच्या दोघी पडल्या, बादली लवंडली. लोक ओरडायला लागले. कोणीतरी माझा दंड धरला. "येडी झालीस का? आईला ढकलतेस?"

मी टेस्टर वर धरला होता आणि बोट पट्टीकडे. आवाज अजून फुटत नव्हता.

मामांना कळलं. ते धावत पेटीशी गेले. "असं कसं होईल? मी तर फक्त सेल बदलले."

"काय लावलंत?" माझा आवाज तेव्हा फुटला.

त्यांनी पेटी उघडून दाखवली. सेलच्या जागी एलिमिनेटर होता. रेडिओ सेलऐवजी घरातल्या विजेवर चालवायचं ते डबडं. त्यांनी घरच्या रेडिओचंच काढून आणलं होतं. सेल ऐन वेळी उतरले तर फजिती होईल, रिले नीट ओढणार नाही, आणि पोरीला दाखवून द्यावं की आपल्यालाही काही कळतं, या विचाराने. त्या डबड्याच्या आतलं आवरण कुठेतरी फाटलं होतं. माझी भिंत जागेवर होती. मामांनी तिच्या अलीकडेच वीज आणून सोडली होती.

"झिणझिण्या येतील फार तर," ते पुटपुटले आणि वायरमन लावतात तशी हाताची पालथी बाजू पट्टीला लावली. चपला घातलेल्या असूनही ते मागे फेकले गेले. उठले नाहीत. चिखलात बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. कोणीतरी मेन बंद केलं. ज्या बायका हसत रांगेत उभ्या होत्या त्यांनी एकमेकींचे हात सोडले होते आणि प्रत्येकजणी आपले ओले तळवे लुगड्याला पुसत होती.

आईचं मनगट सुजलं. हाडाला चीर गेली म्हणून डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. घरी येताना मी रस्ताभर रडत होते. ती म्हणाली, "गप. वाचीवलंस मला."

"मी तुला पाडलं."

"तुझं तोंड कसं झालं व्हतं म्हाईत हाय? म्या पट्टीकडं बगत नव्हते. तुझ्याकडं बगत व्हते. मला इजेचं न्हाई, तुझ्या तोंडाचं भ्या वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच विहारात बैठक भरली. मी रजा टाकली होती. मला वाटलं होतं, कार्यक्रम रद्द होईल. मी तसंच म्हणणार होते. पण मामा आधी बोलले. ते उभे राहिले, सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हातून काल पंधरा बाया मेल्या असत्या. मी यापुढे त्या पेटीला शिवणार नाही." आणि खाली बसले. त्या मोठ्या माणसाकडे बघवेना.

गुरुजींनी मला विचारलं, "सेल पुन्हा लावले तर धोका नाही ना?"

"नाही."

"खात्री आहे?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. सेल लावले तरी झाडात घरातली वीज आहेच. रिले चांगले आहेत. पण काल मला वाटलं होतं की सगळंच चांगलं आहे."

"मग रद्द करू?"

तेवढ्यात चाकणच्या रस्त्यावर टेम्पो चालवणारे आमचे शेजारी मागून म्हणाले, "घरातली वीज घेऊच नका की राव. माझ्या टेम्पोची बॅटरी घ्या. टेल लाइटचे, मीटरचे बल्ब लावा. बॅटरीने आजवर कोणी मेलंय का?"

इतका सरळ उपाय मला दोन महिन्यांत सुचला नव्हता. दिवे मंद लागतील एवढाच तोटा. मला झाड झगमगीत हवं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईची भीती, माझी भीती, एवढं सगळं असूनही मला ते झगमगीतच हवं होतं.

दिवसभर आम्ही पानांमागचे बल्ब बदलले. साठ पानांपैकी चोवीसच पानांना बल्ब पुरले. घरातल्या विजेची तार मी स्वतः मैदानाबाहेर नेऊन ठेवली. मामा लांब पायरीवर बसून होते. दोनदा मी त्यांना बोलावलं. ते आले नाहीत. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "मामा, हा जोड बरोबर आहे का बघा, मला दिसत नाही." ते आले, हात मागे बांधून वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग खाली बसून पकडीने दुसरा जोड आवळायला लागले.

संध्याकाळी वंदना झाली आणि लोक रांगेत लागले. मी पट्टीच्या खांबाला पाठ लावून उभी होते. हातात टेस्टर. बॅटरीवर टेस्टर पेटत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी प्रत्येक साखळीच्या आधी मी तो पट्टीला लावत होते. पहिल्या साखळीत गुरुजी स्वतः होते. त्यांचा हात पट्टीला टेकला तेव्हा मी डोळे मिटले. रिले वाजला आणि लोकांनी ‘अरे!’ केलं. डोळे उघडले तर झाडावर मंद, मधासारखा उजेड होता. चोवीस पानं. कोणीतरी मागून म्हणालं, "एवढंच?" पण साखळी हात सोडायला तयार नव्हती.

मी प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. कोणी दचकला, कोणी डोळा मिचकावला की मी पुढे सरकायचे. प्लॅस्टर असल्यामुळे आईला साखळीत जाता येत नव्हतं. ती बादलीपाशी स्टुलावर बसून लोकांना हात बुडवायला सांगत होती.

आठ वाजून गेले असतील. रांगेत गलका थांबला म्हणून मी पाहिलं. ओढ्यापलीकडच्या गावठाणातली एक म्हातारी रांगेत उभी होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. तिचा नातू आमच्या वस्तीतल्या पोरांबरोबर कंपनीत होता, तो तिला घेऊन आला होता. तिची पाळी आली. नातवाने पट्टी धरली. तिच्या दुसऱ्या बाजूला आमच्या वस्तीतली एक बाई होती, तिने हात पुढे केला. म्हातारीने त्या हाताकडे पाहिलं. मग पदराचं टोक पुढे केलं.

आमची ती बाई तशीच उभी राहिली. शेवटी तिने पदराचं टोक धरलं. दिवा लागला नाही. कसा लागणार? कोरडं कापड. सगळं मैदान बघत होतं. मागून एक तरुण बोलला, "दिसलं ना? झाडाला पण कळतं." दुसरा पुढे सरकला. नातवाचा चेहरा लालबुंद झाला होता. मला त्या दिवसभरातली सगळ्यात मोठी भीती तेव्हा वाटली. आता मारामारी होणार, लोक झाडावर पडणार, आणि ओढ्यापलीकडून माणसं येणार.

म्हातारी हळूच म्हणाली, "करंट बसतोय व्हय गं? आमचा बैल हिरीच्या मोटारीच्या पेटीला लागून ग्येला."

ती विजेला भीत होती की आमच्या हाताला, ते मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. कदाचित दोन्हींना.

आई स्टुलावरून उठली. डाव्या हाताने तिने म्हातारीच्या पदराचं टोक घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं नाही, आणि तसंच निथळतं त्या बाईच्या हातात दिलं. "आता धर," ती म्हणाली. "वल्ल्या कापडातनं बी जातं."

रिले वाजला. झाड उजळलं. म्हातारी वर बघत राहिली, तोंड उघडं टाकून, दिवे लागलेलं पहिल्यांदाच बघावं तशी. मग पदर सोडला, नातवाचा हात धरला आणि ओढ्याकडे निघून गेली.

मला आईचा संताप आला. घरी जाईपर्यंतही थांबवलं नाही, तिथेच बादलीशी जाऊन म्हटलं, "कशाला मदत केलीस? तिला हात धरायला काय झालं होतं?"

"भ्यालेलं मानूस व्हतं," आई म्हणाली. "भ्यालेल्याला वढू न्हाई."

त्या पदरावरून मंडळात पुढे महिनाभर वाद चालला. गुरुजींना आईचं पटलं नव्हतं. ते म्हणाले, हात धरायचा तर हात, नाहीतर अंधार, हेच झाडाचं म्हणणं होतं. काहीजण म्हणाले, आली हेच खूप झालं. मला गुरुजींचं पटायचं. अजूनही पुष्कळदा पटतं.

गर्दी सरल्यावर मी आणि मामा तारा गुंडाळायला लागलो. मामांनी एका पट्टीपाशी उभं राहून विचारलं, "तू केलंस का गं? धरलास का कुणाचा हात?"

संध्याकाळभर मी एकदाही धरला नव्हता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांनी एक हात पट्टीवर ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे केला. खरखरीत, जळाल्याचे जुने डाग असलेला हात. दुसरी पट्टी माझ्या उजव्या हाताला होती, सहज पोचण्यासारखी, त्यांनी खांब उपटून जवळ आणला होता.

"बॅटरी उतरली असेल, मामा," मी म्हणाले आणि तार गुंडाळत राहिले.

बॅटरी उतरलेली नव्हती. सकाळी तिच्यावरच टेम्पो सुरू झाला.